व्हरांड्याची भिंत

हेडबाईंनी कागद दिला, म्हणाल्या,
"बाबालालभाई, ही लांब भिंत तुमची.
जगात सर्वांत जास्त बोलल्या जाणाऱ्या भाषा. दहा.
अक्षर नेहमीसारखं ठसठशीत."

निपाणीत आता माझं अक्षर कुणाला लागतं?
फ्लेक्स आल्यापासून माझे ब्रश
रॉकेलच्या डब्यात उभे आहेत,
स्टँडावर शेवटची गाडी चुकलेल्या माणसांसारखे.

दोरी निळीत बुडवली, ताणली, सोडली. टण.
पहिली इंग्रजी. मग चिनी, हिंदी, स्पॅनिश.
पुढं कोटींचे आकडे, शून्यं इतकी
की पाचवीच्या पोरीची बांगडी मागून घेतली
आणि तीच टेकवून गोल मारत गेलो.

अरबीला जरा थांबलो.
अरबी मला वाचता येते, कळत नाही.
कन्नड कळते, रंगवता येते,
पण भांडताना तोंडात येत नाही.
भांडायला मराठीच लागते.

उस्ताद सांगायचा,
मराठीला शिरोरेघ, कन्नडला तलेकट्टु,
दोघींचं डोकं झाकलेलं पाहिजे, पोरा,
उघड्या डोक्याचं अक्षर बाजारात उभं करू नये.
तो गेला. शिडी मला ठेवून गेला.

ह्याच शिडीवर किती वेळा चढलो
ते बोर्ड मोजतील, राहिले असतील तर.
एका साली माझ्या कन्नडवर काळं फासलं,
एका साली माझ्या मराठीवर.
दोन्ही वेळा काळा रंग माझ्याच दुकानातला.
डबा कुणी परत केला नाही.
मग साहेब आला, टेप लावून मोजला बोर्ड,
वरची ओळ मोठी, खालची बारकी,
बोटभर कमी पडली म्हणून
बेकरीचा अख्खा बोर्ड पुन्हा केला.
"ताजी खारी मिळेल" एवढंच होतं त्यात.

फ्रेंच. बंगाली.
वखारीकडनं वारा फिरला,
तंबाखू आली, अख्खी चौथी एकदम शिंकली.
पोर्तुगीजमधला जोडाक्षराचा पाय
तेवढ्यात जरा घसरला. तसाच ठेवला.
रशियन.
दहावी उर्दू.
"तुमची आली की हो," हेडबाई हसल्या.
आमची कुठली, बाई?
आमच्या घरात "क्या कू" चालतं,
लखनौचा माणूस ऐकेल तर कान धुऊन घेईल.

ह्या व्हरांड्यात शाळा दोन.
डावीकडचे वर्ग मराठी, उजवीकडचे कन्नड,
मधे पाण्याची टाकी, तिला तोटी एकच.
डावीकडून कस्तुरी मगदूम आली,
वाचत वाचत खालपर्यंत, बोट लावून, रंग ओला असताना.
"मामा, मराठी कुठाय?"
उजवीकडून एक शेंबडं पोर,
"मत्ते, कन्नडा?"

मी कागद बघितला. पुन्हा बघितला.
माझी शिडी ज्या दोघींनी खाली ओढली,
ज्यांच्यापायी दोनदा शटर पाडलं, एकदा डोकं फुटलं,
त्या दोघीही ह्यात नव्हत्या.
कागद उलटा केला.
पाठीमागं दुपारच्या जेवणाचा हिशेब,
गंगव्वाच्या हातचा, पेन्सिलीनं:
अक्की सात किलो, बेळी दीड,
मीठ आहे, तेल सांगणे.
शब्द तिचे, अक्षरं आमची,
की उलटं?

भिंत संपत आली होती.
कोपऱ्यात वीतभर जागा, पेंटरनं सही करायची.
कुठल्या अक्षरात करू? गंमत म्हणून विचारलं.
दोन्हीकडनं अशी बोंब उठली
की टाकीवरचे कावळे उडाले.

तेवढ्यात गंगव्वानं ताट बडवलं,
"बर्री, बर्री, भात निवालाय!"
आणि भिंतीसमोर मी एकटा.
कुणी काय विचारत होतं
ते त्यांचं तेच विसरलं.

"पेंटरमामा, तुम्ही बी या की री."
हात पुसले. गेलो.
दुसरा वाढा घेईपर्यंत
डब्यातल्या रंगावर साय धरली होती.
सही राहिली.